लहान मुलाच्या ताटलीतील डबाबंद आणि गोठवलेले फळ

एक ते तीन वर्षांच्या मुलाला डबाबंद किंवा गोठवलेले फळ चालते का, हे ठरवताना प्रामुख्याने दोन गोष्टी पाहाव्या लागतात: फळ टिकवताना त्यातून काय गेले आणि त्यात काय घातले गेले. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात हे समजून घ्यायला सीताफळाइतके चांगले उदाहरण नाही. पावसाळा सरत आला की उटनूर, इंद्रवेल्लीकडच्या रानातली सीताफळे पाट्या भरभरून बाजारात येतात आणि थंडीच्या तोंडावर हंगाम आटोपतो. झाडावरून उतरवलेले फळ काही दिवसांत मऊ होते, मग काळे पडते. हंगामानंतरही ते हवे असेल, तर गर टिकवण्यावाचून उपाय नाही.

तरीही सीताफळाचा डबाबंद गर दुकानात सहसा दिसत नाही. याचे कारण फळाच्या आंबटपणात, किंबहुना त्याच्या अभावात आहे. डबाबंद करणे म्हणजे पदार्थ हवाबंद डब्यात घालून जंतू मरेपर्यंत तापवणे. अननस, संत्रे, पीच यांच्यातील आम्लामुळे बोटुलिझमचे घातक विष तयार करणारा जीवाणू वाढू शकत नाही, त्यामुळे उकळत्या पाण्याइतकी उष्णता त्यांना पुरते. आम्लता मोजण्याच्या पीएच मापावर ४.६ ही त्याची सीमा मानली जाते. अंक जितका कमी, तितके आम्ल अधिक. सीताफळ या सीमेच्या वरच्या, म्हणजे कमी आंबट बाजूला आहे. ते डब्यात सुरक्षित ठेवायचे तर फार जास्त तापवावे लागेल, आणि सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो. म्हणून तो गोठवतात. रबडी आणि आइस्क्रीमसाठी वर्षभर वापरला जाणारा गर तो हाच.

गोठवण्यात उष्णता लागत नाही, हाच त्याचा मोठा फायदा. ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते आणि पाण्यात विरघळते. भाज्या गोठवण्याआधी बहुधा गरम पाण्यातून काढतात, फळांना त्याची गरज पडत नाही. त्यामुळे उणे १८ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या फळात हे जीवनसत्त्व बऱ्याच अंशी टिकते. आठवडाभर टोपलीत पडून राहिलेल्या ‘ताज्या’ फळापेक्षा पिकताच गोठवलेले फळ सरस ठरू शकते. फरक पडतो तो पोताचा. गोठताना पाण्याचे स्फटिक होऊन पेशींच्या भिंती फाटतात. घरच्या फ्रीझरमध्ये गोठणे संथ असल्याने स्फटिक मोठे होतात आणि वितळल्यावर फोड लिबलिबीत होते. मोठ्यांना ती आवडत नाही. मोजके दात आलेल्या मुलाला मात्र सोयीची पडते. सुटलेला रस फेकू नये, कारण ‘क’ जीवनसत्त्वाचा एक वाटा त्यात उतरलेला असतो.

गोठवल्याने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त थांबते. युरोपात २०१३ च्या सुमारास गोठवलेल्या बेरी फळांतून कावीळ ‘अ’ची साथ पसरली होती. आदिलाबादेत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा हवेत कारखान्यापासून गावातल्या दुकानापर्यंत शीतसाखळी तुटली, किंवा वीज जाऊन पाकीट वितळले आणि पुन्हा गोठले, तर जंतूंना मधल्या काळात वाढायला वाव मिळतो. पाकिटात सगळ्या फोडींचा एकच गोळा झाला असेल किंवा आत बर्फाचा जाड थर असेल, तर ते न घेतलेलेच बरे. फ्रीझरची खात्री नसलेल्या घरात गोठवलेले फळ साठवू नये, मग ते कितीही पौष्टिक असो.

डबाबंद फळाचा प्रश्न निराळा आहे. न फुगलेला, न गंजलेला, पोचे न पडलेला डबा जंतूंच्या दृष्टीने चांगलाच सुरक्षित असतो, वीज असो वा नसो. त्याची किंमत पोषणात मोजावी लागते. १०० ग्रॅम ताज्या अननसात सुमारे ४८ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते. दाट पाकातल्या डबाबंद अननसात ते १० मिलिग्रॅमच्याही खाली येते. त्याच डब्यात साखर मात्र वाढलेली असते. पाक निथळून टाकला तरी प्रश्न पुरता सुटत नाही, कारण पाकातली साखर फोडीत शिरलेली असते आणि फोडीतले जीवनसत्त्व पाकात उतरलेले असते. पाकातले मिश्र फळांचे डबे म्हणूनच फळ या सदरात न धरता मिठाईत धरावेत. दोन वर्षांखालच्या मुलाला वरून घातलेली साखर देऊच नये, असे जागतिक आणि भारतीय बालआहारतज्ज्ञ सांगतात. स्वतःच्याच रसात ठेवलेले, साखर न घातलेले डबाबंद फळ अधूनमधून द्यायला हरकत नाही. डबा उघडल्यावर फळ काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढावे. हवा लागली की आंबट रसात डब्याचे कथील विरघळू लागते.

सगळेच पोषण उष्णतेत जाते असेही नाही. तंतू टिकतात. आंब्याचा पिवळेपणा ज्या बीटा-कॅरोटीनमुळे असतो, तेही बऱ्यापैकी टिकते आणि शरीरात त्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व बनते. या जीवनसत्त्वाच्या अभावी मुलांची दृष्टी जाऊ नये म्हणून १९७० मध्ये देशात जो कार्यक्रम सुरू झाला, त्यामागे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे संशोधन होते. बिनसाखरेचा डबाबंद आमरस या बाबतीत निरुपयोगी नाही.

या जिल्ह्यात फळाचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत तेलंगणातील पाच वर्षांखालच्या दर दहा मुलांपैकी सुमारे सात जणांना रक्तक्षय आढळला. अंगणवाडीतून लहान मुलांना बालामृतम हा धान्य-डाळीचा पूरक आहार आणि अंडी मिळतात, पण धान्य-डाळीतले लोह शरीरात सहज शोषले जात नाही. त्याच जेवणात ‘क’ जीवनसत्त्व असेल तर शोषण वाढते. एवढ्या लहान मुलाची दिवसाची गरज सुमारे ३० मिलिग्रॅम आहे आणि १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या आसपास ‘क’ जीवनसत्त्व असते. बिया काढलेली मऊ, पिकलेली एक छोटी फोड ही गरज जवळपास भागवते. नागपूरकडून येणारे संत्रेही उत्तम. आदिलाबादच्या बाजारात पेरू, पपई, केळी बराच काळ मिळत असताना पाकातल्या डब्यावर पैसे घालवण्याचे कारण उरत नाही.

पाकीट किंवा डबा घ्यायचाच असेल, तर घटकांची यादी वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, आणि पोषणाच्या तक्त्यात वरून घातलेली साखर वेगळी दाखवलेली असते. सीताफळाच्या गोठवलेल्या गरातही पुष्कळदा साखर मिसळतात; मूळच्याच इतक्या गोड फळाला ती लागत नाही. हंगामात घरीच गर काढून छोट्या डब्यांत गोठवता येतो, मात्र एकूण एक बी काढायला हवी. सीताफळाची बी घशात अडकू शकते, आणि चावली गेली तर ती विषारी असते. उवा मारायला तिची पूड वापरतात, ती याच गुणामुळे. बोर आणि जांभळाचीही बी काढूनच गर द्यावा. गोठलेली कडक फोड तशीच हातात देऊ नये. ती पूर्ण वितळू द्यावी, कुस्करावी आणि मूल बसलेले असताना, मोठ्यांच्या नजरेसमोर भरवावी.