युरियाचा घाट

बुलढाणा जिल्ह्यात कुणाला गाव विचारलं की पाठोपाठ प्रश्न येतो, घाटावरचं का घाटाखालचं? धाड घाटावरचं. इथून मलकापूरला जायचं तर बुलढाणा ओलांडून राजूर घाट उतरायचा, येताना पुन्हा चढायचा. रसायनांनाही घाट असतात. त्यातला एक रोज धाडच्या शिवारात, मक्याच्या बुडाशी ओलांडला जातो.

पोत्यातला युरिया कोरडा राहिला तर वर्षभर तसाच राहतो. ओल्या रानात फेकला आणि डवऱ्याचा फेर पडला नाही, तर दोन-चार दिवसांत त्यातला नायट्रोजन अमोनिया होऊन उडू लागतो. सकाळी गोठ्यात नाकाला झोंबतो तो हाच वास. आपल्याला वाटतं, ओल लागली म्हणून युरिया फुटला. पण नुसत्या स्वच्छ पाण्यात, 25 अंशाला, निम्मा युरिया फुटायला सुमारे 40 वर्षं लागतात! घाटच तेवढा उंच. तो चढायला लागते ती सक्रियण ऊर्जा. 1889 मध्ये स्वीडनच्या आऱ्हेनियसने तिचा हिशेब मांडला.

घाटमाथ्यावर रेणूचं जे रूप होतं, ती संक्रमण अवस्था. जुना बंध सुटत आलेला, नवा धड जुळलेला नाही. राजूर घाटात गाडी बाजूला घेता येते. इथे सेकंदाचे दहा लाख कोटी भाग केले तर त्यातल्या एक-दोन भागांचा मुक्काम. बाटलीत भरून ठेवायची सोयच नाही. इतक्या झटपट घडामोडी लेझरने टिपल्याबद्दल अहमद झेवैल यांना 1999 चं नोबेल मिळालं.

मग रानात हे दोन-चार दिवसांत कसं उरकतं? मातीतल्या जिवाणूंकडे युरिएज नावाचं विकर असतं. विकर म्हणजे कुलूप आणि रेणू म्हणजे किल्ली, असं शाळेत शिकवतात. मला तो दृष्टान्त अर्धाच पटतो. किल्ली इतकी चपखल बसली तर ती तिथेच बसून राहील की! लायनस पॉलिंगने 1940 च्या दशकात नेमकं ओळखलं: विकराची खोबण मूळ रेणूपेक्षा माथ्यावरच्या त्या अर्धवट रूपाच्या मापाची असते. युरिएजच्या खोबणीत निकेलचे दोन आयन आहेत. युरिया आणि पाणी ते समोरासमोर धरतात. माथ्यावरच टेकू मिळतो, म्हणून घाट ठेंगणा होतो. युरियावरचा कडुलिंबाचा लेप मुख्यतः अडवतो तो पुढचा घाट, अमोनियाचं नायट्रेट होण्याचा.

हेच विकर कच्च्या सोयाबीनमध्येही असतं. पेंड नीट भाजली गेली का, हे पाहायला तिच्यावर युरिया आणि फिनॉल रेडचं द्रावण टाकतात. लाल ठिपके दाट उमटले की समजायचं, पेंड कच्ची आहे.