ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरियस

ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरियस हा कॅक्टेसी कुलातील लहान, गोलाकार व बिनकाट्यांचा निवडुंग आहे. मेक्सिकोतील तामाउलिपास व नुएवो लेओन ही राज्ये आणि अमेरिकेतील टेक्सास राज्याचा दक्षिण भाग हे त्याचे मूलस्थान होय. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ झुकारिनी यांनी १८४५ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. ॲस्ट्रोफायटम या ग्रीक मूळ असलेल्या नावाचा अर्थ ‘तारा-वनस्पती’ असा आहे.

वर्णन
खोड चपट्या घुमटासारखे असून त्याचे बहुधा आठ भाग पडतात. व्यास १५ सेंमी.पर्यंत वाढतो. पृष्ठभागावरील पांढरे ठिपके म्हणजे सूक्ष्म केसांचे झुपके होत. फुले पिवळी असून मध्यभागी नारिंगी-तांबडी असतात. कोरड्या ऋतूत खोड आकसून जमिनीलगत येते व पावसानंतर पुन्हा फुगते.

लागवड
फुटवे सहसा येत नसल्याने लागवड बियांपासून करतात. एकाच रोपाच्या परागांनी बीजधारणा होत नाही. त्यासाठी दोन वेगळी रोपे एकाच वेळी फुलावी लागतात. मिश्रणात जाड रेती व विटांचे बारीक तुकडे अधिक आणि पालापाचोळ्याचे खत कमी ठेवतात. कुंडीच्या तळाशी भोक आवश्यक असते.

निगा
माती पूर्ण सुकल्यावरच पाणी द्यावे; हिवाळ्यात ते जवळजवळ बंद करावे. कोकणासारख्या अतिपावसाच्या प्रदेशात कुंडी छपराखाली ठेवावी. आकसलेले रोप पाणी दिल्यावरही फुगले नाही, तर मुळे कुजली असण्याची शक्यता असते. अशा वेळी आणखी पाणी दिल्यास कूज वाढते. रोप उपटून कुजका भाग कापावा, काही दिवस सावलीत सुकवावे आणि कोरड्या मिश्रणात पुन्हा लावावे. भरपूर उजेड लागतो; मात्र सावलीतील रोप एकदम कडक उन्हात ठेवल्यास करपते. पिठ्या ढेकूण ही प्रमुख कीड आहे. खोड पुसू नये, कारण घासून गेलेले ठिपके पुन्हा येत नाहीत.

संवर्धन
शेती व कुरणांसाठी झालेली जमिनीची सफाई आणि संग्राहकांकडून होणारी चोरी यांमुळे नैसर्गिक अधिवासातील संख्या घटली आहे. पेयोटी या मादक निवडुंगाशी असलेल्या साम्यामुळेही तो चुकून उपटला जातो. अमेरिकेने १९९३ मध्ये त्याला संकटग्रस्त घोषित केले. साइट्स कराराच्या परिशिष्ट १ मध्ये समावेश असल्याने रानातील रोपांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारास बंदी आहे. बियांपासून तो सहज वाढत असल्याने, रोपवाटिकेत तयार झालेली रोपेच घेणे हा त्याच्या संरक्षणाचा सोपा मार्ग ठरतो.