पहिल्या पगाराच्या अलीकडे

मुंबई महाग आहे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. परभणीत आमच्या गल्लीतल्या एका आजीने मनमाडच्या पलीकडे कधी पाऊल टाकलं नव्हतं, तरी तिने मला बजावलं होतं, "बाई, तिथं पाणीबी इकत." पण ही महागाई अंगावर नेमकी कधी येते, ते तिथे गेल्याशिवाय कळत नाही. दर महिन्याचा खर्च पोटाला चिमटा काढून भागवता येतो. आत शिरण्याचा खर्च मात्र एकरकमी असतो, आणि तो पहिला पगार व्हायच्या आधी करावा लागतो. माझ्या वर्गातल्या निदान दोन मुली माझ्यापेक्षा हुशार होत्या. त्या परभणीतच राहिल्या, त्याचं कारण मला तरी हेच दिसतं.

मी बी.कॉम.ला असल्यापासून एका सीए सरांकडे बसायचे. मोंढ्यातल्या आडत्यांची, हार्डवेअरवाल्यांची बिलं टॅलीत भरायची, वीस तारखेच्या आत जीएसटीची विवरणपत्रं टाकायची. मिळायचे ते पेट्रोलपाण्याचे पैसे, त्याला पगार म्हणणं धाडसाचं होतं. म्हणून मुंबईला अर्ज करताना मी स्वतःला 'फ्रेशर' लिहायला निघाले, तेव्हा सर म्हणाले, "हुद्दा नव्हता ना? मग काम लिही. किती दुकानांची खाती सांभाळलीस, कोणते रिटर्न भरलेस, सगळं लिही."

अंधेरीच्या ऑफिसात मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी माझ्या गुणपत्रिकेकडे पाहिलंही नाही. त्यांनी विचारलं, "खरेदीचं बिल तुमच्याकडे आहे, पैसेही दिलेत, पण टू-बी मध्ये क्रेडिट दिसत नाही. काय कराल?" टू-बी म्हणजे जीएसटीचा तो तक्ता, ज्यात आपल्याला माल विकणाऱ्यांनी काय काय दाखवलंय ते दर महिन्याला आपोआप उमटतं. मी त्यांना जालन्याच्या सळईवाल्याची गोष्ट सांगितली. त्याने विवरणपत्रात आमच्या व्यापाऱ्याच्या जागी दुसऱ्याच गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर टाकला होता आणि आमचं क्रेडिट भलत्याच्याच नावावर गेलं होतं. मी त्याला रोज फोन केला, पुढच्या महिन्याच्या विवरणपत्रात दुरुस्ती करायला लावली आणि ती दिसेपर्यंत ते क्रेडिट आम्ही घेतलं नाही. "रोज फोन?" मॅडम हसल्या. "हो, तो दुपारी जेवायला घरी जायचा, तेव्हाच उचलायचा." माझ्या मते नोकरी मला त्या फोनांवर मिळाली. लहान गावातल्या मुलामुलींकडे अनुभव नसतो असं म्हणतात, ते मला पटत नाही. दुकानात, मेडिकलवर, सेतू केंद्रात त्यांनी पुष्कळ केलेलं असतं. त्याचं प्रमाणपत्र तेवढं नसतं.

आकडा सांगितला गेला तो वर्षाला ३ लाखांचा. घरी पेढे वाटले गेले, कारण ३ लाख भागिले १२ म्हणजे महिना २५ हजार. हा भागाकार मात्र कुठल्याच पगारदाराच्या खात्यात उतरत नाही. कंपनी सांगते ती 'सीटीसी', म्हणजे तुमच्यावर तिचा होणारा एकूण खर्च. माझ्या पत्रात मूळ वेतन १२,५०० होतं. त्यावर कंपनीने भरायचा १२ टक्के भविष्य निर्वाह निधी, म्हणजे १,५०० रुपये, त्या २५ हजारांतच धरलेला. ग्रॅच्युइटीपोटी ६०० रुपयेही त्यातच. ती हातात पडायला सर्वसाधारणपणे पाच वर्षं एकाच ठिकाणी काढावी लागतात. मग माझ्या वाट्याचे पीएफचे १,५०० कापले गेले. उरले २१,४०० च्या आसपास. पुरुष असते तर व्यवसाय कराचे आणखी २०० गेले असते, फेब्रुवारीत ३००. महाराष्ट्रात महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे. बाई असण्याचा मुंबईत झालेला हा माझा पहिला रोख फायदा.

आता आत शिरण्याचा हिशेब. मरोळला चौघींत मिळून एक वन बीएचके, भाडं ३६ हजार, म्हणजे माझे ९. अनामत १ लाख, माझ्या वाट्याला २५ हजार. दलालाला एका महिन्याचं भाडं, त्यातले माझे ९. पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ, पुन्हा ९. गादी, बादली, चादर, करारनाम्याचा खर्च धरून ४५ हजारांच्या घरात गेलं. म्हणजे एक घास खायच्या आधी दोन महिन्यांचा अख्खा पगार, आणि तो अजून झालेलाच नाही. त्यात मी रुजू झाले महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. बऱ्याच कंपन्यांत पगाराची यादी विसाव्या-बाविसाव्या तारखेला बंद होते, त्यानंतर आलेल्याचे ते दिवस पुढच्या महिन्याच्या पगारात धरतात. आमच्याकडेही तोच नियम निघाला, पण रुजू होईपर्यंत तो कुणी सांगितला नाही. मी विचारलं तेव्हा पलीकडून इतक्या सहज उत्तर आलं, जणू सगळ्यांच्याच घरी दीड महिन्याची शिल्लक पडून असते. रुजू व्हायची तारीख ठरवताना हे आधी विचारून घ्यावं. पहिल्या तारखेला आलात तर चारेक आठवडे काढायचे, पंचविसाव्याला आलात तर पाच-सहा.

पूर्वी हा खर्च गाव उचलायचं. लालबाग-परळच्या गिरणी कामगारांच्या चाळींत कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांनी मिळून घेतलेल्या खोल्या असत. भिंतीला ट्रंका, रात्रपाळीवाला उठून गेला की दिवसपाळीवाला त्याच जागी आडवा. नव्या पोराला अनामत विचारायचं कुणाच्या मनातही येत नसे, आणि जेवण खानावळीत, पगार झाल्यावर पैसे. त्या खानावळी बहुतेक बायकाच चालवायच्या; त्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. म्हणजे ज्या उधारीवर गिरणगाव जेवायचं, ती बायका स्वतः व्याज भरून देत होत्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मिटत गेल्या आणि ही व्यवस्थाही विरळ झाली.

आम्हा मराठवाड्याच्या लोकांना तर ती फारशी लाभलीच नाही. १९५६ पर्यंत आम्ही हैदराबाद राज्यात. माझ्या आजोबांना मोठं शहर म्हणजे हैदराबाद. कोर्टकचेरी, दवाखाना, लग्नाचा बस्ता सगळं तिकडे. देवगिरी एक्स्प्रेस परभणीवरून दोन्ही दिशांना जाते, आमच्या घरचे दोन पिढ्या तिच्या उलट्या दिशेला बसत आले. त्यामुळे मुंबईत आमच्या गावची खोली नाही. होती ती कल्याणची मावशी; मरोळचं घर मिळेपर्यंत मी तिच्याकडेच राहिले.

तिसऱ्या दिवशी पाहुण्याची अक्कल जाते ही म्हण कल्याणच्या वन आरकेत फार लवकर खरी होते. मावशी काही बोलली नाही, पण काकांनी झोपायची जागा बदलली होती ते दिसत होतं. मी किराण्याचे पैसे द्यायला गेले तर ती रागावली. मग मी न विचारता गहू आणि तेल आणायला लागले, त्यावर रागावली नाही. पहिल्या पगारापर्यंत कुणाकडे राहणार असाल तर हे असं काहीतरी करावंच लागतं.

कल्याण ते घाटकोपर लोकल, तिथून २०१४ साली सुरू झालेली मेट्रो. लोकलचा दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास काही शेकड्यांत येतो, तीन महिन्यांचा काढला तर आणखी स्वस्त. मुंबईत अंतर स्वस्त आहे, म्हणूनच लोक लांब राहतात आणि राहिलेलं भाडं वेळेने भरतात. माझे जाऊन-येऊन चार तास जायचे. ते वाया गेले असं मात्र म्हणवत नाही, कारण भाड्याच्या घराबद्दल मला जे कळलं ते सगळं लेडीज डब्यात. चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली मी मोबाइलवर एका पीजीचे फोटो बघत होते. शेजारची बाई मटार सोलत होती. तिने वाकून पाहिलं आणि विचारलं, "ॲग्रीमेंट देतोय का?" मी म्हटलं, पावती देतो. "मग अनामत त्याच्या मर्जीवर," ती म्हणाली आणि पुन्हा मटाराकडे वळली. ती एका वकिलाकडे टायपिंग करायची. ठाणं येईपर्यंत तिने मला बरंच समजावलं. मी नंतर ते ताडून पाहिलं, बरोबर निघालं.

करार 'लिव्ह अँड लायसन्स'चा असतो, बहुधा अकरा महिन्यांचा. देशात इतरत्र वर्षाच्या आतल्या भाडेकराराची नोंदणी सहसा सक्तीची नसते, म्हणून अकराची रीत पडली. घरमालक तेच सांगतात, "अकरा महिन्यांचाच आहे, रजिस्टर कशाला?" महाराष्ट्रात ते चालत नाही. इथल्या भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य, उलट सिद्ध करायचं मालकाने. खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क पाव टक्का. आमच्या घराला ते हजाराच्या आसपास आलं, शहरी भागातली नोंदणी फी आणखी हजार. माणूस घरी येऊन अंगठे घेऊन जातो. पण त्याच कायद्यात दुसरी बाजूही आहे: मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. अनामत किती घ्यावी यावर केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे, पण तो राज्यांपुढे ठेवलेला नमुना. आमच्या मालकाला दाखवला असता तर त्याने दुसऱ्या मुली शोधल्या असत्या.

किल्ली घेताना आम्ही चौघींनी प्रत्येक भिंतीचा, गळक्या नळाचा आणि वीजमीटरच्या आकड्याचा फोटो काढला. मालकाला ते आवडलं नाही. काढावाच.

घरमालक अनामत मागतो ते ठीक, पण नोकरी देणारा पैसे मागत असेल, प्रशिक्षण फी म्हणून, लॅपटॉपची अनामत म्हणून किंवा गणवेशाचे म्हणून, तर तिथून उठावं. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणाऱ्याकडूनही. यावर जास्त लिहायची गरज नसावी, तरी आमच्या कॉलेजच्या मुलांचे असे फोन येतातच.

माझं म्हणणं, घरून निघायच्या आधी पगाराचा आकडा बाजूला ठेवून एवढंच मोजा: पहिला पगार नक्की कोणत्या तारखेला, तोवर झोपायचं कुठे आणि अनामत कुठून. माझी अनामत आईच्या बचत गटाच्या कर्जातून आली. हप्ता महिना अडीच हजार, आणि भाडं, डबा, वीज, प्रवास जाऊन उरायचे चार-साडेचार. पहिल्या वर्षी मी मुंबईत पैसे साठवले नाहीत, फक्त फेडले.

आता आमच्यातली एक लग्न ठरल्यामुळे घर सोडतेय. अशा वेळी मालक अनामतीला हात लावत नाही. जाणारीने आपल्या जागी दुसरी मुलगी आणायची आणि आपले पैसे तिच्याकडून घ्यायचे, मग करारात नाव बदलायचं. हिंगोलीची एक मुलगी तयार आहे, साकीनाक्याला पॅकिंगच्या कंपनीत डिस्पॅचला लागलीय. तिच्याकडे २५ पैकी १५ हजारच आहेत. जाणारीला लग्नासाठी पूर्ण हवेत, ते रास्तच आहे. म्हणून उरलेले दहा आम्ही तिघींनी घातलेत, आणि ती दोन पगारांत ते आम्हाला फेडेल असं ठरलंय. फक्त तिला सांगितलंय, एक तारखेलाच रुजू हो.