अंतिम तारीख ते एक तारीख

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना पैसा कुठून मिळतो ते बघून ये, असं संपादकांनी सांगितलं होतं. योजनांचे आकडे घरबसल्या मिळतात, त्यासाठी एसटीत बसायची गरज नव्हती. पण आकडे दिल्लीतून निघतात आणि विद्यार्थी जिल्ह्याच्या गावात बसलेला असतो. मधल्या वाटेवर काय होतं, ते बघायचं होतं. म्हणून एका राज्य विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग गाठला. विद्यापीठाचं नाव इथे देत नाही, कारण ज्यांनी मला सगळं दाखवलं त्यांना अजून तिथेच नोकरी करायची आहे.

विभागाची माहितीपुस्तिका चारचौघींसारखीच. स्थापना, आजवरचे विभागप्रमुख, उपकरणांची यादी, उद्घाटनाचा फोटो. ती मी बसमध्येच चाळून संपवली होती. विभागात शिरल्यावर नजर गेली ती जिन्याखालच्या सूचनाफलकाकडे. हिरवी बनात, पुढे सरकत्या काचा, काचांना कुलूप. बाकी विद्यापीठभर सूचना व्हॉट्सॲपवर फिरतात. इथे आजही त्या टाचणीने लागतात आणि पोरं थांबून वाचतात. कारण प्रत्येक सूचनेच्या डोक्यावर लाल स्केचपेनने मराठीत एकदोन ओळी लिहिलेल्या असतात. 'एम.एस्सी. भाग १ वाल्यांनो, हे तुमच्यासाठी.' 'जातवैधता लागेल, अर्ज आजच टाका.' 'उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, जुना जोडू नका.' मूळ परिपत्रक चार पानांचं इंग्रजी, आणि त्याचं सार या दोन ओळींत.

या ओळी लिहिणारे गृहस्थ विभागाचे वरिष्ठ लिपिक. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, अगदी विभागप्रमुखसुद्धा. कुलपाची किल्ली त्यांच्या जानव्यासारखी कायम अंगावर. एकेकाळी कार्यालयात तिघं होते. दोघं निवृत्त झाले, जागा भरल्या गेल्या नाहीत, आणि तिघांची कामं एका टेबलावर आली.

फलकाचे त्यांनी तीन भाग केलेत. उजवीकडे वसतिगृह, मेस, परीक्षेचे अर्ज, एटीकेटी. मधे स्पर्धा आणि प्रकल्प: राज्यातल्या विद्यापीठांचा 'आविष्कार' संशोधन महोत्सव, उन्हाळी प्रकल्पांसाठी देशातल्या तीन विज्ञान अकादमींची फेलोशिप, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आणि पुण्याच्या आयुकाचा उन्हाळी कार्यक्रम. डावीकडे मात्र फक्त पैसा. हा डावा भाग नीट वाचला की देशाचं विज्ञानधोरण समोर उभं राहतं.

वरच्या ओळीत 'इन्स्पायर'. बारावीला मंडळात अव्वल एक टक्क्यात असलेल्या आणि मूलभूत विज्ञानाला आलेल्या मुलामुलींना वर्षाला ८०,००० रुपये: ६०,००० हातात आणि २०,००० उन्हाळी प्रकल्पापोटी. ही योजना २००८ची. शेजारी एके काळी केव्हीपीवाय ही शिष्यवृत्ती असायची. १९९९ मध्ये सुरू झालेली ती योजना २०२२ मध्ये गुंडाळून इन्स्पायरमध्ये मिसळली. त्याखाली सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षा. भौतिकशास्त्राच्या मुलांची खरी लढाई ही. त्यातून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी मूल्यमापन होऊन तिची एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ फेलोशिप, झाली की ४२,०००, शिवाय घरभाडे भत्ता. त्याखाली राज्याच्या संस्था: पुण्याची बार्टी, पुण्याचीच सारथी, नागपूरची महाज्योती. अनुसूचित जाती, मराठा-कुणबी आणि इतर मागास समाजांतल्या संशोधकांसाठीच्या फेलोशिपा.

ही शेवटची ओळ वाचताना मला पेशव्यांची दक्षिणा आठवली. श्रावणात पुण्याला पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात ब्राह्मण जमत आणि बाहेर पडताना एकेकाच्या हातात दक्षिणा पडे. इंग्रजांनी हा खर्च कमी करत आणला. त्यातला काही पैसा १८२१ मध्ये पुण्यात काढलेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळला, पुढे १८५१ मध्ये मराठी ग्रंथांना बक्षिसं देणारी दक्षिणा प्राइज कमिटी आली, आणि मग कॉलेजांत 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे विद्यार्थिदशेत असेच फेलो होते. म्हणजे महाराष्ट्रातली फेलोशिप एका जातीच्या दानातून निघून आज बार्टी-महाज्योतीपर्यंत पोचली आहे. हा प्रवास मोठा आहे आणि तो चांगला आहे. फक्त रमण्यातली एक गोष्ट वाटेत हरवली: माणूस दाराबाहेर पडण्याआधी पैसे त्याच्या हातात असत.

विभागप्रमुखांच्या खोलीत प्राध्यापकांसाठी वेगळी फाईल आहे, पुरस्कारांच्या नामांकनांची. १९५८ पासून दिला जाणारा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार पाच लाखांचा होता. आता त्याच्या जागी २०२४ पासून राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार आहेत. त्यातल्या तरुणांच्या पुरस्काराच्या नावात भटनागर अजून शिल्लक आहेत. २०२५चा विज्ञानरत्न डॉ. जयंत नारळीकरांना मरणोत्तर जाहीर झाला, तेव्हा विभागात पेढे वाटले गेले. मला त्या फाईलपेक्षा भाऊसाहेबांच्या टेबलाचं आकर्षण जास्त होतं, म्हणून मी परत बाहेर येऊन बसलो.

महिन्याचे शेवटचे दिवस होते. यूजीसीची फेलोशिप कॅनरा बँकेच्या पोर्टलवरून थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जाते. कागदावर यात लिपिकाचं काम नाहीच. प्रत्यक्षात दर महिन्याला विद्यापीठाने पोर्टलवर सांगावं लागतं, की हा विद्यार्थी या महिन्यात संशोधन करत होता, याला पैसे द्या. याला 'मंथली कन्फर्मेशन' म्हणतात. ते भरण्यासाठी दोन माणसं नेमलेली असतात: मेकर आणि चेकर. मेकर माहिती भरतो, चेकर तपासून पुढे पाठवतो. एकाच माणसाने दोन्ही करायचं नाही, हा हिशेबातल्या शिस्तीचा भाग. दोघांपैकी एकाचं राहिलं तर त्या महिन्याचे पैसे थांबले.

भाऊसाहेब मेकर आहेत. त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. टेबलावर एक लांबट हजेरीवही. डाव्या बाजूला विद्यार्थ्यांची नावं, वर महिने. विद्यार्थी मार्गदर्शकांच्या सहीचं हजेरीपत्रक आणून देतो, भाऊसाहेब चौकटीत पेन्सिलीने तिरकी रेघ मारतात. पोर्टलवर भरलं की ती रेघ शाईने गिरवतात. चेकरने मान्यता दिली की उलटी तिरकी रेघ मारून फुली पूर्ण करतात. पैसे खात्यात पडल्याचं विद्यार्थ्याने येऊन सांगितलं की फुलीभोवती गोल. संगणकात हे सगळं असतंच की, मी म्हटलं.

"असतं ना," भाऊसाहेब म्हणाले. "पण संगणक विचारल्याशिवाय सांगत नाही. ही वही उघडली की उघड्या डोळ्यांना दिसतं, कुणाचा गोल राहिलाय."

मी वहीवर नजर टाकली. गोल नसलेल्या फुल्या बऱ्याच होत्या. म्हणजे इथलं काम झालेलं, पैसे पोचलेले नाहीत.

तेवढ्यात एक मुलगी दारात आली. "भाऊसाहेब, माझं गेलं का?"

"माझ्याकडून कालच गेलं, बाळा. चेकरसाहेब मीटिंगला आहेत."

"संध्याकाळपर्यंत होईल?"

"ओटीपी त्यांच्या फोनवर येतो. फोन त्यांच्या खिशात. आणि ते विद्वत्परिषदेत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरं माझ्याकडे पैसे कधीच मागत नाहीत हो. तारीख मागतात."

त्या मुलीला घरमालकाला सांगायला तारीख हवी होती. ती लेसरच्या प्रयोगशाळेत पातळ थरांवर काम करते, तिचा एक शोधनिबंध छापून आलाय, दुसरा परीक्षकांकडे आहे. वडिलांची चार एकर कोरडवाहू. फेलोशिप मिळाल्याची बातमी गावातल्या पेपरात फोटोसह आली होती. "त्यामुळे आता कुणी उसने देत नाही," ती हसत म्हणाली. "सगळ्यांना वाटतं, हिला सदतीस हजार मिळतात."

इथून पुढे मला जे दिसत गेलं ते अडचणींचं आहे, आणि त्याला लेखातली जागाही तशीच जास्त लागणार आहे.

फलकावरची प्रत्येक सूचना अर्जदाराला तारखेने बांधते. अर्जाची अंतिम तारीख, दाखल्याची मुदत, वयाची अट, रुजू होण्याची मुदत. एक दिवस चुकला की संधी गेली, मग कारण काहीही असो. ती तारीख म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. देणाऱ्याला मात्र अशी रेघ नाही. जून २०२४ची सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षा चार दिवसांवर आली असताना पुढे ढकलली आणि महिन्याने, जुलैच्या अखेरीस घेतली. त्याच वर्षीची डिसेंबरची परीक्षा फेब्रुवारी-मार्च २०२५ मध्ये झाली. परीक्षा पुढे गेली की निकाल पुढे, निकाल पुढे गेला की पीएच.डी.चा प्रवेश पुढे, आणि वय मात्र आपल्या गतीने वाढत राहतं. इन्स्पायर फेलोशिपचे पैसे महिनोन्महिने न मिळाल्याच्या तक्रारी देशभरातल्या संशोधकांनी उघडपणे केल्या आहेत. बार्टीच्या फेलोशिपसाठी राज्यातले संशोधक आझाद मैदानावर बसले, तेही आपण पाहिलं.

प्राध्यापकांच्या प्रकल्पांचीही गत वेगळी नाही. पूर्वी प्रकल्पांचा निधी देणारं एसईआरबी होतं. २०२३च्या कायद्याने त्याच्या जागी अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं. पाच वर्षांत ५०,००० कोटींचं उद्दिष्ट, त्यातला मोठा भाग खासगी क्षेत्राकडून यायचा. विचार चांगला आहे, विद्यापीठांकडे जास्त पैसा वळवण्याची भाषाही त्यात आहे. पण जुनी खिडकी बंद होऊन नवी उघडेपर्यंत जो मधला काळ जातो, त्यात कुणाचा तरी प्रकल्प-सहायक बिनपगारी बसलेला असतो.

मंजूर झालेला पैसाही सरळ येत नाही. आता केंद्राचं अनुदान बहुतेक वेळा विद्यापीठाच्या खात्यात आगाऊ जमा होत नाही. खर्चाची मर्यादा मिळते, आणि ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा संपते. सरकारी पैसा बँकांत पडून राहू नये, हा त्यामागचा हेतू, आणि तो रास्त आहे. पण मर्यादा फेब्रुवारीत हातात पडली तर महिन्याभरात निविदा, खरेदी आणि बिल कसं उरकायचं? प्रयोगशाळेतला पंप बिघडताना आर्थिक वर्ष बघत नाही. त्यात जुलै २०२२ मध्ये संशोधन संस्थांच्या उपकरणांवरची पाच टक्के जीएसटीची सवलत गेली आणि अठरा टक्के लागू झाले. जुन्या अंदाजपत्रकात बसलेलं यंत्र नव्या करात बसेना. जून २०२५ मध्ये केंद्राने खरेदीचे नियम सैल केले. कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर गेली आणि कुलगुरूंना सरकारी खरेदी-पोर्टलबाहेरून घ्यायची मुभा मिळाली. विभागप्रमुखांनी ते परिपत्रक मला कौतुकाने दाखवलं.

या सगळ्यात टिकून कोण राहतं? ज्याच्या घरी चार-सहा महिने थांबायची सोय आहे, तो. नेट सगळ्यांना सारखीच अवघड असते, पण निकालानंतरचं थांबणं सगळ्यांना सारखं परवडत नाही. ज्यांच्यासाठी फेलोशिप काढली, त्यांनाच ती उशिरा मिळाली तर सर्वात जड जाते. भाऊसाहेबांच्या वहीत काही नावांपुढे महिने कोरेच आहेत. ही मुलं कोचिंग क्लासात शिकवायला गेली, त्यातली काही परत आली नाहीत.

यावर उपाय फार खर्चिक नाही. समजा एका विभागात बारा फेलो आहेत आणि तीन महिने पैसे अडकले. ३७,०००च्या हिशेबाने १३ लाख ३२ हजार होतात. एवढी रक्कम विद्यापीठाने फिरता निधी म्हणून बाजूला ठेवली आणि दिल्लीचे पैसे आले की वळते करून घेतले, तर कुणाचं भाडं थकणार नाही. सक्षम संस्था असं करतातच.

पण मूळ दुखणं तारखेचं आहे, आणि त्यावरचा तोडगा आपल्या राज्यात कायद्याच्या रूपात आधीच आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. तहसीलातून उत्पन्नाचा दाखला किती दिवसांत मिळायचा, तो देणारा अधिकारी कोण, उशीर झाला तर अपील कुणाकडे, हे त्यात ठरवून द्यावं लागतं. विनाकारण विलंब करणाऱ्याला दंडही आहे. म्हणजे फेलोशिपच्या अर्जाला जो दाखला जोडायचा त्याला मुदत आहे, आणि खुद्द फेलोशिपला नाही. जाहिरातीत अंतिम तारखेच्या खाली आणखी एक ओळ छापायला काय हरकत आहे: निवडीनंतर इतक्या दिवसांत पहिला हप्ता, पुढे दर महिन्याच्या एक तारखेला, आणि चुकलं तर जबाबदार अमुक अधिकारी. विद्यार्थ्याची सही घेता, तशी एक सही देणाऱ्याचीही असू द्या.

निघताना हे मी भाऊसाहेबांना बोलून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वही मिटली.

"कायदा येऊ दे, चांगलंच होईल," ते म्हणाले. "पण तुमचं लिहिणं वरती कुणी वाचलं, तर आधी एवढं सांगा. मेकरचं लॉगिन या विभागात माझ्या एकट्याच्या नावावर आहे. मी मे अखेरीला अठ्ठावन्नचा होऊन सुटतोय. दुसरं नाव द्या म्हणून तीन अर्ज केलेत, आवक नंबरासहित. जूनचं कन्फर्मेशन कोण भरणार, ते अजून कुणी ठरवलेलं नाही."