अभ्यासाचे मेज : लांबी भरावी की नको?

बाबासाहेबांनी दादरला ‘राजगृह’ बांधले, तेव्हा ग्रंथांच्या जागेचा विचार आधी केला. आपल्या दोन खोल्यांच्या घरातही मुलांच्या अभ्यासाचे मेज आधी व्हावे. मेज तयार झाले की मिस्त्री विचारतो, “पॉलिशआधी लांबी भरायची का?” मजुरी वाढते, म्हणून आपण गप्प बसतो.

सागवानाच्या रेषांत बारीक उघडी छिद्रे असतात. नुसते पॉलिश मारले तर ती तशीच राहतात. मुलगी लिहिताना पेनचे टोक त्यांत अडकते, कागदाला भोक पडते. शाई आणि धूळही आत बसते. म्हणून वरच्या फळीला लांबी भरावीच. पाय, पाठ आणि खणाच्या आतल्या बाजूला गरज नाही. तेवढी मजुरी वाचते.

खडूच्या भुकटीत लाकडाच्या रंगाची पूड मिसळायला सांगा, नाहीतर पांढरे ठिपके दिसतात. लांबी रेषांना आडवी चोळावी. वाळल्यावर काचकागद रेषांच्या दिशेने फिरवावा.

मात्र आधी लाकूड पुरते वाळलेले आहे ना, ते पाहा. धाराशिवच्या कडक उन्हाळ्यात ओले लाकूड आकसते, फटी पडतात आणि भरलेली लांबी निघून येते.

बंधू-भगिनींनो, झळाळी पाहुण्यांसाठी असते. गुळगुळीत फळी मात्र लेकरांच्या अक्षरासाठी!