इन्सुलिनला गारवा द्या, बर्फ नको



मे महिना निम्मा सरला. 31 तारखेपर्यंत शेवटच्या फेऱ्या, मग 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी. बोटी वर ओढल्या की बरीच कुटुंबं पाहुण्यांकडे निघतात. आपल्यातल्या काहींचे नातलग वडोदऱ्याला, मांडवीजवळच्या घडियाळी पोळमध्ये राहतात. म्हणजे घरात ज्यांना शुगर आहे, त्यांना महिनाभरात दोन उन्हाळे सोसायचे आहेत: दर्यावरचा दमट आणि वडोदऱ्याचा कोरडा. दोन्हीकडे औषध सांभाळायची रीत वेगळी आहे, म्हणून हे लिहीत आहोत.

आधी दर्यावरचं बोलू. बोटीवर फ्रीज नसतो, बर्फ मात्र भरपूर. म्हणून इन्सुलिनची बाटली किंवा पेन पिशवीत घालून सरळ मासळीच्या खणात ठेवायचा मोह होतो. तसं करू नका. नुसता बर्फ शून्य अंशाला असतो, आणि त्यात मीठ किंवा खारं पाणी मिसळलं की तो शून्याच्याही खाली जातो. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर पुन्हा कामाचं राहत नाही. वाईट गोष्ट ही, की ते दिसायला बऱ्याचदा चांगलंच दिसतं. खलाशी वेळेवर टोचून घेतो, तरी साखर चढत राहते, आणि किनारा दोन दिवस लांब असतो.

मग काय करायचं? मोठ्या तोंडाचा थर्मास घ्या. त्यात गार पाणी घालून हलवा, ओतून टाका, आतून कोरडा पुसा आणि मग पेन ठेवा. नाहीतर झाकणाचा कोरडा डबा टॉवेलात गुंडाळून बर्फाच्या पेटीशेजारी ठेवा, बर्फात नको. केबिनच्या काचेपाशी, इंजिनाजवळ, टेम्पोच्या डॅशबोर्डवर कधीच नाही. जादा पेन वेगळ्या जागी ठेवा, म्हणजे एक भिजलं तरी दुसरं हाताशी राहील.

आता घडियाळी पोळ. तिथे मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो आणि पाऊस येईपर्यंत जूनमध्येही ऊन सोडत नाही. न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवायचं, फ्रीजरच्या कप्प्याला टेकवून नाही. वापरात असलेलं साधारण 25 ते 30 अंशांपर्यंत ठेवा. बहुतेक प्रकार उघडल्यावर 28 दिवस चालतात, पण आपल्या डब्यातला कागद वाचून खात्री करा.

लाइट गेली किंवा फ्रीज नसला, तर माठ कामाला येतो. मोठ्या माठात थोडं पाणी, त्यात लहान मडकं, मडक्यात कोरड्या डबीत इन्सुलिन, वर ओलं फडकं. सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवायचं. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आत गार राहतं.

हा नुसता घरगुती उपाय आहे असं समजू नका. केनियातल्या दागाहाले निर्वासित छावणीत घरांतलं तापमान 25 ते 37 अंशांमध्ये वरखाली होत होतं. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी तशाच तापमानात इन्सुलिन तपासलं. चार आठवड्यांनंतरही त्याची ताकद टिकून होती. 2021 मध्ये हे प्रसिद्ध झालं. पण 42 अंशांच्या उन्हात उघडं ठेवलेल्या इन्सुलिनला हा हिशोब लागू नाही. म्हणून मडक्यात एक साधा तापमापक टाकून बघत जा. आणि माठ कोरड्या हवेतच नीट गार होतो. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत पाणी कमी उडतं, त्यामुळे वडोदऱ्याचा उपाय इथे तेवढा चालणार नाही. इथे थर्मासच बरा.

साखर तपासायच्या पट्ट्यांचं उलट आहे. त्या फ्रीजमध्ये ठेवायच्या नाहीत. दमटपणाने त्या बिघडतात, म्हणून स्वतःच्याच डबीत, झाकण घट्ट लावून, सावलीत ठेवा. मशीन तापलं तर चूक दाखवतं. ते सावलीत थोडा वेळ थंड होऊ द्या. आणि आंबा खाल्लेल्या हाताने तपासलं तर बोटावरच्या रसामुळे साखर खोटी जास्त दिसते. हात धुवा, कोरडे करा, मग टोचा. अंगावर सेन्सर लावणाऱ्यांनी घामाने त्याची चिकटपट्टी सुटते का ते रोज बघावं.

औषधाइतकंच शरीराकडेही लक्ष हवं. उन्हात कातडीतलं रक्त वाढतं, इन्सुलिन लवकर शोषलं जातं आणि साखर झपकन उतरू शकते. उलट पाणी कमी पडलं की साखर चढते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांनी लघवीवाटे पाणी जास्त जातं. ग्लिमेपिराइडने साखर उतरू शकते. गोळ्या मनाने बंद करू नका. पण उलट्या-जुलाब झाले तर काय करायचं, हे फेरीवर किंवा गावाला जाण्याआधीच डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या.

तांडेलांना खास विनंती. घाम, थरथर, चक्कर, बरळणं हे उन्हाने होतं, बोट लागल्यानेही होतं आणि साखर उतरल्यानेही. बोटीवर कुणाला शुगर आहे हे तुम्हाला आणि आणखी एका खलाशाला माहीत असायलाच हवं. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा, कमी असेल तर परत द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, कुशीवर झोपवा आणि लगेच मदत मागा.

शेवटच्या फेरीला निघताना डिझेल, बर्फ, पाणी आपण मोजतोच. त्या यादीत साखरेची एक पुडी आणि एक थर्मासही लिहा.