समीकरण सोडविणाऱ्या पायऱ्या

रायपूर येथील इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाच्या संग्रहात भाताचे हजारो वाण जतन केलेले आहेत. अशा वाणांचा संकर करणाऱ्या शास्त्रज्ञाला एक प्रश्न नेहमी पडतो. दोन गुणधर्म पुढच्या पिढीत एकत्र उतरतात की सुटे होतात? त्यासाठी तो संततीची चार गटांत मोजणी करतो. मोजणी सोपी असते. तिच्यातून नेमका आकडा काढणे मात्र सोपे नसते.

सी. आर. राव यांच्या 1965 सालच्या ग्रंथामुळे प्रसिद्ध झालेले एक उदाहरण घेऊ. ते भाताचे नसून प्राण्यांचे आहे, परंतु गणित तेच. 197 प्राणी चार गटांत 125, 18, 20 आणि 34 असे विभागले गेले. या विभागणीमागे एकच अज्ञात राशी आहे. तिच्या ज्या मूल्याला नेमकी हीच विभागणी हाती येण्याचा संभव सर्वाधिक, ते मूल्य स्वीकारावे, असे रोनाल्ड फिशर यांनी सुचविले. हीच महत्तम संभवनीयतेची रीत होय. तिच्यातून एक समीकरण निघते, आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते.

या समीकरणाला दोन उत्तरे आहेत. एक ऋण असल्यामुळे निरर्थक ठरते, दुसरे 0.6268. परंतु सर्वच समीकरणे इतकी सौम्य नसतात. उत्तरे अनेक असली तर खरे कोणते? कोल्हापूरचे व. शं. हुजूरबाजार यांनी केंब्रिज येथे असताना 1948 साली याचा उलगडा केला. काही अटी पाळल्या गेल्या, तर निरीक्षणांची संख्या वाढत जाईल तसतसे खऱ्या मूल्याकडे झुकणारे उत्तर एकच उरते आणि तेथे संभवनीयता महत्तमच असते, असे त्यांनी दाखविले. पुढे पुणे विद्यापीठात 1953 साली सुरू झालेल्या गणित व संख्याशास्त्र विभागाची उभारणी त्यांच्याच हातून झाली.

उत्तर आहे एवढे कळून भागत नाही. ते हाती यावे लागते. न्यूटनच्या रीतीने 0.5 पासून प्रारंभ केला, तर पहिल्या पायरीला 0.6364, दुसऱ्या पायरीला 0.6270 आणि तिसऱ्या पायरीला 0.6268 मिळते. तीन पायऱ्यांत काम झाले! पण 0.01 पासून निघालो, तर पहिली पायरी जेमतेम 0.02 पर्यंतच नेते. फिशर यांची रीत थोडी वेगळी आहे, ती 0.5 वरून 0.6332 वर येते. हाताने फिरविण्याच्या गणकयंत्रावर प्रत्येक पायरीला किती वेळ लागे, हे ज्यांनी ते यंत्र फिरविले त्यांनाच ठाऊक.

या रीती खरोखर उत्तराशी पोचतात का, याचा शोध बी. के. काळे यांनी घेतला. ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात 1961 व 1962 साली त्यांचे दोन लेख प्रसिद्ध झाले; दुसऱ्यात अनेक अज्ञात राशींचा विचार होता. प्रारंभीचा अंदाजच खऱ्या मूल्याकडे झुकणारा असेल आणि निरीक्षणे पुरेशी असतील, तर या पायऱ्या उत्तराशी पोचण्याची संभाव्यता एकाच्या जवळ जाते. काळे पुढे पुणे विद्यापीठात प्राध्यापक झाले.

आज संगणक हे काम क्षणात उरकतो. प्रारंभ कोठून करावा, हे मात्र अजूनही माणसालाच विचारपूर्वक ठरवावे लागते. आपल्या 0.6268 चे वर्गमूळ सुमारे 0.79 येते, ते एकातून वजा केले की उरणारे सुमारे 21 टक्के म्हणजे हे दोन गुणधर्म परस्परांपासून सुटे होण्याचे प्रमाण.